लास वेगास: जुगाराच्या पलीकडचा इतिहास बघायचा, तर सुरुवात कुठून करावी?

केतकी_स
जुलैमध्ये लास वेगासला तीन पूर्ण दिवस आहेत. रोषणाई बघणारच आहोत, पण वाळवंटाच्या मधोमध हे शहर मुळात वसलंच का, हे जागेवर जाऊन समजून घ्यायचं आहे. 'बग्झी सीगल या गुंडाने शहर वसवलं' असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते खरं आहे का? ठिकाणांचा क्रम कसा लावावा? गाडी घ्यावीच लागेल का? जुगारासाठी जात नाही, पण टेबलाशी उभं राहिल्यावर काय चाललंय ते कळावं एवढी इच्छा आहे.

पायवाट
सुरुवात पाण्यापासून करा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडतं. 'लास वेगास' म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. इथे जिवंत झरे होते, म्हणून १८५५ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी किल्ला बांधला आणि पुढे रेल्वेने हीच जागा निवडली. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी भरावं लागे आणि आसपास दुसरीकडे ते नव्हतं. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने ११० एकरांतल्या भूखंडांचा लिलाव सुरू केला. शहराचा जन्म तो. सीगल तेव्हा जन्मलाही नव्हता.

पहिला दिवस असा ठेवा: सकाळी उघडताच स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह. झऱ्यांची मूळ जागा हीच. उपसा इतका झाला की १९६२ मध्ये झरे वाहायचे थांबले. आज शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं आहे. नेवाडाचं राज्य संग्रहालय याच आवारात आहे, तेव्हा तीन तास हाताशी ठेवा. आठवड्यातले काही दिवस बंद असतं, वार आधी बघून घ्या. मग जुन्या किल्ल्याला अर्धा तास. मूळ बांधकामाचा थोडाच भाग उरलाय, पण कच्च्या विटांची ती भिंत चुकवू नका. तिथून फ्रीमॉन्ट स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला या. 'प्लाझा' हॉटेल उभं आहे तिथे रेल्वे स्टेशन होतं, आणि समोरचं 'गोल्डन गेट' हॉटेल १९०६ पासूनचं.

जुनी_पाटी
सीगलबद्दल. नेवाडाने जुगार कायदेशीर केला १९ मार्च १९३१ रोजी. त्याच वर्षी घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली आणि हूवर धरणाचं कामही सुरू झालं. कामगारांसाठी वसवलेल्या बोल्डर सिटीत दारू आणि जुगार दोन्हींना बंदी होती, त्यामुळे पगार झाला की माणसं फ्रीमॉन्ट स्ट्रीटवर येत. (जुगाराची ती बंदी तिथे आजही आहे.) आजच्या स्ट्रिपवरचं (मोठ्या हॉटेल-कॅसिनोंचा रस्ता) पहिलं रिसॉर्ट 'एल रांचो वेगास' १९४१ चं. सीगलचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं त्या 'फ्लमिंगो' हॉटेल-कॅसिनोची सुरुवात बिली विल्करसन या उद्योजकाने केली. सीगलने ते काम ताब्यात घेतलं, २६ डिसेंबर १९४६ ला अर्धवट अवस्थेतच उघडलं आणि पुढच्या जूनमध्ये त्याचा खून झाला. त्या मूळ इमारतींपैकी आज काहीच उभं नाही, तेव्हा इतिहासासाठी तिथे वेळ घालवू नका.

त्याऐवजी मॉब म्युझियम, म्हणजे संघटित गुन्हेगारीचं संग्रहालय. १९३३ ची टपाल कचेरी आणि फेडरल न्यायालयाची ती इमारत आहे, आणि संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीची १९५० ची सुनावणी याच इमारतीत झाली. तो कोर्टरूम जपला आहे. फ्रीमॉन्ट स्ट्रीटपासून पाच-सात मिनिटांवर. निऑन म्युझियमचं (जुन्या निऑन पाट्यांचं संग्रहालय) तिकीट मात्र आधीच काढा, ठरावीक वेळेचा प्रवेश असतो आणि संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात.

एक गोष्ट बहुतेक सहलींत गळते: हे शहर वर्णभेद पाळत होतं. कृष्णवर्णीय कलाकार स्ट्रिपवर गाऊ शकत, पण त्याच हॉटेलात राहू शकत नसत. १९५५ मधलं 'मूलाँ रूज' हे सर्वांना प्रवेश देणारं पहिलं मोठं हॉटेल-कॅसिनो. काही महिन्यांतच बंद पडलं. मार्च १९६० मध्ये भेदभाव संपवण्याचा समझोता मात्र त्याच वास्तूत झाला. वेस्टसाइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या त्या जागी आता इमारत नाही, पण हे माहीत नसेल तर शहराचा इतिहास अर्धाच कळतो.

गणिती
टेबलांबद्दल थोडक्यात. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावणं. त्या चाकावर शून्यं किती आहेत ते आधी मोजा. एक शून्य: लावलेल्या पैशांत 'घराचा', म्हणजे कॅसिनोचा, सरासरी वाटा २.७० टक्के. दोन: ५.२६. तीन: ७.६९. पैसे मिळण्याचं प्रमाण तेच राहतं, फक्त चाकावरचे खाने ३७, ३८, ३९ असे वाढतात. वाटा वाढतो तो यामुळेच. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर '३:२' लिहिलंय की '६:५' ते वाचा. १० डॉलरच्या डावावर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) लागला तर पहिल्यात १५ मिळतात, दुसऱ्यात १२. वरवर छोटा वाटणारा हा फरक घराचा वाटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढवतो.

नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. टेबलाशी बसून फोन वापरू नका. वय २१ पूर्ण हवं. लहान मुलं बरोबर असतील तर जुगाराच्या यंत्रांजवळ थांबता येत नाही, चालत राहावं लागतं.

केतकी_स
फार नेमकं सांगितलंत, आभार. गाडी आणि उन्हाचं काय?

पायवाट
शहरात गाडी नको. 'ड्यूस' ही दुमजली बस स्ट्रिप आणि फ्रीमॉन्ट स्ट्रीट जोडते आणि चोवीस तास चालते. हूवर धरण सुमारे ५० किलोमीटरवर आहे, त्या एका दिवसापुरती गाडी घ्या. धरणाच्या मध्यावर ॲरिझोनाची हद्द सुरू होते, पण उन्हाळ्यात दोन्हीकडे वेळ एकच असते. हिवाळ्यात तिकडे एक तास पुढे.

जुलैत पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. ७ जुलै २०२४ ला ४८.९ ची नोंद झाली. हवा इतकी कोरडी की घाम जागच्या जागी वाळतो आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याचं लक्षात येत नाही. तहान लागायच्या आधी पाणी पीत राहा. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा पायी हिंडू नका. स्ट्रिप पावणेसात किलोमीटर लांब आहे, आणि हॉटेलं इतकी अवाढव्य की 'ते काय समोरच' म्हणून निघालात तर अर्धा तास लागतो. स्ट्रिपवरच्या पादचारी पुलांवर थांबायला २०२४ पासून बंदी आहे, फोटो खाली उतरून काढा.

हॉटेलचं बुकिंग करताना रोजची 'रिसॉर्ट फी' धरून एकूण रक्कम किती होते तेच बघा, पार्किंगचे पैसेही बहुधा वेगळे पडतात.