मदत हवी आहे: विजापूर दोन दिवसांत, पुढे बदामी

सोलापूरहून विजापूर साधारण १०० किमी. सोबत सत्तरीतले आई-बाबा आहेत.

गोल घुमटाच्या सज्जात आवाज नीट घुमतो तो सकाळी लवकर. शाळांच्या सहली आल्या की नुसता कल्लोळ, म्हणून दार उघडताच आत शिरायचं. पण वर जायला मनोऱ्यातला सात मजल्यांचा अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना आहे. गुडघेदुखी असलेल्यांना मध्ये टेकायला जागा मिळते का? की त्यांना खाली नगारखान्यातलं संग्रहालय दाखवावं? (ते शुक्रवारी बंद, त्यामुळे शनिवार-रविवार धरलाय.)

इब्राहिम रोजा तटाबाहेर पश्चिमेला, मुलुख-ए-मैदान तोफ तटावरच्या बुरुजावर आणि उपळी बुरूज तिथून जवळच. ही तिन्ही दुपारनंतर एकाच फेरीत होतात, मग रिक्षा ठिकाणावार करावी की अर्ध्या दिवसाची ठरवावी? सध्याचा दर काय? टांग्यात चढणं दोघांना जमेल असं वाटत नाही.

सोमवारी बदामीला रेल्वेने जावं की गाडीने? रेल्वे आरामाची, पण पट्टदकल-ऐहोळेसाठी तिथे वेगळी गाडी लागेलच. नुकतेच जाऊन आलेल्यांनी सांगावं.