नवा धंदा, नवी नोकरी: मुंबईत नेमकं काय चालतं? (अनुभव धागा)

चाळकरी_दादर:
आज सकाळी पेपर उघडला आणि मांडीवर पिवळं पत्रक पडलं. घरगुती पोळीभाजी. किती वर्षांनी! एके काळी रविवारी पेपरपेक्षा पत्रकंच जड असायची, क्लासेस, पेस्ट कंट्रोल, साड्यांचा सेल. हे उलटसुलट करून पाहिलं तर फोन नंबर सापडेना. शेवटी सापडला, मागच्या बाजूला कोपऱ्यात, मुंगीएवढा.
म्हणून हा धागा. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. नवा धंदा लोकांपर्यंत पोचवायचा कसा, आणि जोडीला नोकरी शोधायची कशी. दोन्हींत आपली पाटी समोरच्याला दिसायला हवी, म्हणून एकाच धाग्यात. ‘जिद्द ठेवा’ वगैरे नको. आकडे लिहा, काय फसतं ते लिहा.

छपाई_आणि_चहा:
पत्रकापुरतं सांगतो. ए५ साइज, ९० किंवा १०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आर्ट पेपर. ए४ घडी घालून टाकलं तर उघडतच नाही कोणी. एका पत्रकावर एकच वस्तू, तिचा भाव आणि नंबर. नंबर किमान २४ पॉइंटमध्ये, पुढच्याच बाजूला. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा छपाई) सोडा आणि मजकूर कडेपासून ५ मिमी आत घ्या, नाहीतर कटिंगमध्ये शेवटचा आकडा जातो. नऊ आकडी मोबाइल नंबरची हजार पत्रकं मग वह्यांना कव्हर घालायला.
लाल पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाळा, शाई पसरून भरतात.
आता मराठीची खरी गोची. फाइल प्रेसच्या कॉम्प्युटरवर उघडली की फॉन्ट बदलतो. रफार उडतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, ‘प्र’चा ‘प् र’ होतो. म्हणून मजकुराचे कर्व्हज करून पीडीएफ द्या. प्रूफ व्हॉट्सॲपवर बघू नका, कागदावर मागा. आणि प्रूफवर छापलेला नंबर स्वतः लावून बघा, समोर आपलाच फोन वाजला पाहिजे.

निळूमावशी:
कर्व्हज म्हणजे काय हो?

छपाई_आणि_चहा:
मावशी, अक्षराचं चित्र करून टाकायचं. मग फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. डिझाइनवाल्याला नुसतं ‘कर्व्हज करून द्या’ म्हणा, त्याला कळतं.

पहाटेचा_गठ्ठा:
छापलं ते वाटायचं कसं, हे कोणी सांगत नाही. पेपरवाले पहाटे चार-साडेचारला फुटपाथवर गठ्ठे लावतात, पत्रक तेव्हा आत जातं. त्यामुळे माल आदल्या संध्याकाळी पोचवा. पहाटे नेऊन दिला तर तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. भाव शेकड्यावर ठरतो, आधीच बोलून घ्या.
हजार पत्रकं एकाच लाइनला, म्हणजे पेपर टाकणाऱ्याच्या एकाच फेरीला, देऊ नका. ३००-३०० च्या तीन लाइन घ्या आणि कोणत्या बिल्डिंगी ते लिहून मागा. तिन्हींवर वेगळं कूपन छापा, अ, ब, क. फोन आला की पहिला प्रश्न, ‘कूपनवर कुठलं अक्षर आहे?’ कुठली लाइन चालली ते आठवड्यात कळतं. उरलेली शंभर पुन्हा त्याच चालत्या लाइनला टाका, नव्या ठिकाणी नाही. एकदा बघून लोक फोन करत नाहीत.
गठ्ठा तसाच रद्दीत जातो ही तक्रार नेहमीची. उपाय सोपा. त्या लाइनमधल्या ओळखीच्या दोन घरी सकाळी फोन करून विचारा, पडलं का.
जून ते सप्टेंबर हा खर्च करूच नका. लगदा.

मालाडकर_७:
आमच्याकडे पेपरच बंद केलाय लोकांनी. मोबाइल झिंदाबाद.

पहाटेचा_गठ्ठा:
बंद तरुणांनी केलाय. पोळीभाजीचा डबा लावणारे आजी-आजोबा अजून पेपर घेतात. गिऱ्हाईक कोण, ते बघून ठरवा.

नकाशावाली:
गूगलवरची बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, ती आधी करा. बहुतेक जण चार ठिकाणी चुकतात.
नावात ‘बेस्ट पोळीभाजी केंद्र दादर स्वस्त’ असलं कोंबायचं नाही. पाटीवर जे नाव आहे तेच. नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होते आणि सोडवता सोडवता नाकी नऊ येतात.
घरून काम असेल तर पत्ता लपवा आणि सेवेचा परिसर भरा. २० पर्यंत भाग टाकता येतात, पण दादरच्या स्वयंपाकघरातून विरारला डबा जाणार आहे का? चार टाका.
व्हेरिफिकेशनला हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. न थांबता एकच शॉट हवा. रस्त्याची पाटी, मग इमारत, मग दुकानाची पाटी, मग किल्लीने कुलूप उघडून आत. मध्ये कट केला किंवा गॅलरीतला जुना व्हिडिओ जोडला की नापास.
आणि मुख्य कॅटेगरी. केटरर की मिठाईचं दुकान, जे खरंच करता ते पहिलं. सर्चमध्ये कुठे दिसणार हे नावापेक्षा त्यावर जास्त ठरतं.
रिव्ह्यू विकत घेऊ नका. डबा पोचल्यावर तासाभरात लिंक पाठवा, तेव्हाच लिहितात लोक. दुसऱ्या दिवशी कोणी लिहीत नाही. वाईट रिव्ह्यूला भांडू नका, दोन ओळींत उत्तर द्या.

परळचा_बाळ्या:
वाईट रिव्ह्यू सासूबाईंनी दिला तर? मित्राची केस आहे हां.

नकाशावाली:
तर तीन ओळींत.

हिरवा_ठिपका:
खायचं विकताय तर आधी एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. घरगुती छोट्या कामाला बेसिक रजिस्ट्रेशन पुरतं. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. डिलिव्हरी ॲपवर तर त्याशिवाय दारच उघडत नाही.
पाकीटबंद लाडू-चिवड्याच्या लेबलवर हे हवंच: पदार्थाचं नाव, घटक उतरत्या प्रमाणात, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खावं, सर्व करांसह एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी नंबर, शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. वजन भरताना पाकिटाचं वजन धरू नका. २५० ग्रॅम म्हणजे आतला माल २५० ग्रॅम.
उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट, आधार आणि पॅनवर होते. सर्चमध्ये वर येणाऱ्या कित्येक साइट सरकारी दिसतात आणि हजार-दोन हजार घेतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का, एवढं बघा.

निळूमावशी:
व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवते पण कोणी बघतच नाही

नकाशावाली:
मावशी, ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवताय का? ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो मेसेज पोचतो. एका लिस्टमध्ये २५६ जण. म्हणून पहिल्या ऑर्डरलाच सांगायचं, ‘नंबर सेव्ह करा, उद्याचा मेनू स्टेटसला टाकते.’ बिझनेस ॲप घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव टाकून ठेवा, म्हणजे ‘काय भाव’चं उत्तर दिवसातून चाळीसदा लिहायला नको. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये घेऊ नका. लोकांनी रिपोर्ट केलं तर नंबरच बंद व्हायचा, आणि तोच नंबर पत्रकावर छापलेला.

निळूमावशी:
अगंबाई. भाजी करपतेय, नंतर येते

टेबल_सहा_फुटी:
सोसायटीत स्टॉल लावायचा तर सेक्रेटरीला अर्ज लेखी द्या. तोंडी ‘हो’ म्हणतात आणि त्या दिवशी वॉचमन गेटवर अडवतो. सोबत स्वतःचं पाच मीटर एक्स्टेंशन, एलईडी बल्ब, ५०० चे सुट्टे. पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं, पैसे आले की बोलणारा साउंडबॉक्स मुका होतो. पैसे आले का ते समोरच्याच्या स्क्रीनवर बघून नका मानू, नकली स्क्रीनवाले फिरतात. एक माणूस फोन घेऊन रेंजमध्ये उभा करा.
क्यूआर निदान तीन सेंमी, काळ्यावर पांढरा नाही, पांढऱ्यावर काळा, भोवती कोरी जागा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि स्कॅन होत नाही.
फराळाच्या ऑर्डरी दसऱ्यापासून घ्या, निम्मे पैसे आगाऊ, आणि वसुबारसेच्या चार दिवस आधी बंद. चकली शेवटच्या दिवसांत जास्त घ्यायला गेलं की तेल तापायच्या आत घाणा सोडला जातो, मऊ पडते, आणि पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक गेलं.

परळचा_बाळ्या:
मऊ चकलीवर वेगळा धागा काढा कोणीतरी. भाजणीत मोहन कमी पडलं तर काय होतं वगैरे.

हिरवा_ठिपका:
मोहन कमी पडलं तर कडक होते. जास्त झालं तर तेलात विरघळते. आता मूळ विषय.
विजेच्या खांबावर, पुलाखाली पोस्टर चिकटवू नका. १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे आणि पोस्टरवर नंबर तुमचाच असतो, शोधावं लागत नाही. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, तीही कधीच संपली.

एचआरवाली_ठाणे:
नोकरीवर कोणीच बोलेना म्हणून मी.
रिक्रूटर पोर्टलवर फिल्टर लावतो. शहर, अनुभव, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड, आणि प्रोफाइल कधी ॲक्टिव्ह होती. त्यामुळे सहा महिने न हात लावलेली प्रोफाइल कितीही चांगली असली तरी खालीच राहते. दर सोमवारी सकाळी उघडून हेडलाइनमधला एक शब्द बदला आणि सेव्ह करा.
हेडलाइन ‘मेहनती, होतकरू’ नको. ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, ४ वर्षं, टॅली, जीएसटी रिटर्न, टीडीएस’ अशी. जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा. त्यांनी ‘रिकन्सिलिएशन’ लिहिलंय तर तुमच्या ‘ताळमेळा’वर सर्च लागत नाही.
दोन कॉलम, आयकॉन, कौशल्याचे रंगीत पट्टे असले रेझ्युमे दिसायला छान, पण सॉफ्टवेअर वाचताना डावा-उजवा कॉलम एकत्र करतं आणि कंपनीच्या नावाला शाळेचं वर्ष चिकटतं. एक कॉलम ठेवा, पीडीएफ पाठवा. तपासायचं तर त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे नीट वाचता आला तर सॉफ्टवेअरलाही बहुतेक येतो.
करिअरमध्ये गॅप असेल तर लपवू नका. ‘२०१९-२०२४ घरची जबाबदारी’ एवढी एक ओळ पुरते.

कसारा_लोकल:
पत्ता बदलापूर-कसारा बघून फोन येत नाहीत हे खरं का?

एचआरवाली_ठाणे:
काही ठिकाणी हो, ‘रोज उशीर करणार’ म्हणून. पूर्ण पत्ता लिहायची गरजच नाही. ‘मुंबई, सेंट्रल लाइन’ पुरे. आणि इंटरव्ह्यू अंधेरी एमआयडीसीत असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ बदलून एमआयडीसी किंवा सीप्झ स्टेशन. दादरला जाऊन वेस्टर्नला चढायचे दिवस गेले.

कसारा_लोकल:
हे भारी. बीकेसीला पण मेट्रो ३ ना?

मालाडकर_७:
हो, बीकेसीचं स्टेशन आहे. रविवारी वॉक-इन (थेट जाऊन इंटरव्ह्यू) असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कुठे बंद, ते बघा. हार्बरवाले सगळ्यात आधी अडकतात.

पगाराची_स्लिप:
ऑफर ‘४.८ लाख’ म्हणजे हातात ४०,००० नाही. मांडून दाखवतो. महिना ४०,०००, बेसिक २०,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे २,४००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे ९६२, हे दोन्ही त्यातच धरलेले असतात. उरले ३६,६३८. त्यातून तुमचा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात ३४,०३८. फेब्रुवारीत टॅक्स ३००, म्हणजे तेव्हा आणखी शंभर कमी. व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) असेल तर आणखी खाली. बेसिक किती आणि व्हेरिएबल किती, हे दोन प्रश्न होकार द्यायच्या आधी मेलवर विचारा.
दुसरं, जुन्या कंपनीने पीएफमध्ये ‘डेट ऑफ एग्झिट’, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकली का बघा. नाही टाकली तर नव्या ठिकाणच्या पडताळणीत एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने उलटले की पीएफच्या यूएएन पोर्टलवर मॅनेज, मार्क एग्झिट मधून स्वतः टाकता येते. तारीख रिलीव्हिंग लेटरशी पडताळून टाका, नंतर बदलणं डोकेदुखी.

एचआरवाली_ठाणे:
+१. पडताळणीत सगळ्यात जास्त अडकतं ते इथेच.

परळचा_बाळ्या:
आणि ‘लॅपटॉपचं डिपॉझिट ४,९९९ भरा, सोमवारी जॉइनिंग’ हे?

पगाराची_स्लिप:
नोकरी देणारा पैसे मागतो तिथे नोकरी नसते. कंपनी खरी आहे का ते कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकून बघता येतं, २१ अक्षरी सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) दिसतो. पण भामटे खऱ्या कंपनीचंही नाव लावतात, म्हणून मेलचा डोमेन बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पहिल्या तासात फोन केला तर रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. ‘उद्या बघू’ म्हटलं की ती चार खाती फिरून गेलेली असते.

निळूमावशी:
आले. भाजी वाचली. बाकी सगळं वाचते रात्री. चाळकरी, त्या पिवळ्या पत्रकाचा नंबर द्या की, मला पोळ्या हव्यात शनिवारी, २५

चाळकरी_दादर:
नंबर इथे नाही टाकत मावशी, निरोपात पाठवतो. भिंग घेऊन बसलोय. शेवटचा आकडा ३ आहे की ८ तेच कळेना.

छपाई_आणि_चहा:
दोन्ही लावून बघा. आणि जो उचलेल त्याला माझा पत्ता द्या.