मुलींच्या मॅचच्या ट्रॉफीवर 'मॅन ऑफ द मॅच' नको, मग काय छापू?

कृष्णाकाठ११
नमस्कार मंडळी. आमच्या गावात (तासगाव तालुका) मुलींच्या टेनिस बॉलच्या मॅचेस घेतो, यंदा तिसरं वर्ष, माईकवर मीच असतो. गेल्या वर्षी फायनलला नववीतल्या एका पोरीनं चार विकेट काढल्या, ट्रॉफी घेऊन फोटोला उभी राहिली आणि नंतर फोटो बघतोय तर तिनं अंगठा बरोबर 'मॅन' वर दाबून धरलेला. मला लई लागलं ते, कारण ट्रॉफ्या मीच आणलेल्या, दुकानात तयार स्टिकर होते तेच लावून घेतले. यंदा आधीच विचारतोय, काय छापू? सामनावीर चालेल, का त्यातला वीर पण पुरुषच? आणि बॅट्समन, थर्डमॅन (फिल्डिंगची जागा) सवयीनं तोंडात येतं त्याचं काय करू?

डावखुरी_सांगली
दादा, विचारलंत तेच बरं वाटलं. बॅट्समन आता नियमातच नाहीये, क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसी क्लबनं सप्टेंबर २०२१ मध्ये सगळीकडं बॅटर केलं, २०१७ ला नियम नव्यानं लिहिले तेव्हा मात्र बॅट्समनच ठेवलेला. थर्डमॅनला पण आता बरेच जण नुसतं थर्ड म्हणतात. पण आपल्याला बॅटर तरी कशाला पाहिजे, फलंदाज आहे की! गोलंदाज म्हणजे मूळचा तोफखान्यातला, फलंदाज त्याच चालीवरचा, पण आज त्या शब्दाला ना पुरुष चिकटलाय ना बाई, सगळं क्रियापदावर. आपल्या सांगलीची स्मृती मानधना बाद 'झाली' म्हणताना कुठं अडतंय? कर्णधार, खेळाडू, अष्टपैलू, सगळं तसंच. घोळ कुठं होतो सांगू, नाव माहीत नसतं तेव्हा. "नवीन फलंदाज येतोय" असं मुलींच्या मॅचला माईकवरून मी स्वतः ऐकलंय, पॅड बांधून मीच चालले होते मैदानात. तेवढं जपा. आणि सामनावीर 'ठरली' असं पेपरवाले लिहितातच, पण मला विचाराल तर खेळाडू जास्त जवळचा वाटतो.

लाल_माती
कुस्तीतलं सांगतो. मार्च २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. आमच्या तालमीतल्या पोरी स्वतःला पैलवानच म्हणतात. मागं एका निवेदकानं पैलवानीण म्हटलं तर पोरींना आवडलं नाही, आणि बरोबरच आहे, पाटलीण म्हणजे पाटलाची बायको तसं पैलवानीण म्हटलं की पैलवानाची बायको वाटते, लढणारी वाटत नाही. त्यामुळं सामनावीरांगना वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नका, वेगळा शब्द काढला की वेगळी पंगत बसते.

माणदेश_रनर
माझं थोडं वेगळं मत. शब्द बदला, पण आधी मैदानावर पोरींना कपडे बदलायला खोली आहे का बघा. आमच्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओला २०१६ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पळाली, दहावी आली, तिला धावपटू म्हणा नाहीतर काही म्हणा, पण इथल्या पोरींना पळायला जागा पाहिजे का नको.

डावखुरी_सांगली
@माणदेश_रनर खोली पाहिजेच, वाद नाही. पण ट्रॉफी घरात टीव्हीवर वर्षानुवर्षं असते हो, येणारा जाणारा वाचतो. नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत बायकांच्या क्रिकेट वर्ल्डकपची फायनल जिंकलो तेव्हा शफाली वर्माला मिळालेलं नाव 'प्लेअर ऑफ द मॅच' होतं, मग तासगावच्या पोरीला 'मॅन' का?

कृष्णाकाठ११
सगळ्यांचे आभार. शाळेच्या हेडबाईंशी बोललो, मॅचच्या दिवशी एक वर्ग पोरींना उघडून देतायत. स्टिकर 'सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू' करायचा होता पण ओळीत मावेना, मग 'सर्वोत्तम खेळाडू' ठरलं. घरी पुतणीला समोर बसवून 'आली, गेली, बाद झाली' अशी कॉमेंट्री करून बघतोय, अजून दहात दोनदा चुकतोय. एक स्टिकर जास्तीचा छापून घेतलाय, रविवारी त्या पोरीच्या घरी जाऊन जुन्यावर चिकटवून येतो.