पहिला वेचा आणि कविता

रोज पहाटे ठरल्या वेळी बसलं तरच लेखन होतं, हे तुमचं म्हणणं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे लागू पडत नाही, भाऊ. आमच्या अनियतकालिकाला मृगापासून पोळ्यापर्यंत एक ओळ येत नाही. पेरणी, डवरणी, निंदण. कापसाचा पहिला वेचा घरात आला की पाकिटं सुरू. एकाची कविता तर नेहमी काटापट्टीच्या, म्हणजे कापूस मोजल्याच्या पावतीच्या, पाठीवर, वजनाचे आकडे मागून उमटलेले. (टाइप करताना एकदा 'क्विंटल' कवितेतच गेलं. कवी म्हणाला, राहू द्या.) 'युगवाणी' या नियतकालिकाच्या पाठीशी १९२३पासूनचा विदर्भ साहित्य संघ आहे, आमच्या पाठीशी ऐंशी वर्गणीदार, त्यातले निम्मे 'चुकारा झाला (विकलेल्या मालाचे पैसे मिळाले) की देतो' म्हणणारे. म्हणून आमचा दिवाळी अंक संक्रांतीला निघतो.