फलाफल (काबुली चण्यांचे तळलेले अरबी वडे) तेलात विरघळतात, काय चुकतंय?

घोडबंदर रोड, ठाणे:
पाव किलो काबुली चणे कुकरला तीन शिट्ट्या देऊन वाटले, कांदा-लसूण-जिरं घातलं. तेलात सोडले की सुटतात. बेसन घालू का?

वाशी:
बेसन नको, चव भज्यांवर जाते. चणे शिजवायचेच नाहीत! निदान १२ तास भिजवा, निथळून फडक्यावर कोरडे करा. कच्च्या चण्यातला स्टार्च तळताना शिजतो आणि गोळा धरून ठेवतो. कुकरमध्ये तो आधीच पाणी पिऊन फुगलेला असतो. पाण्याचा थेंबही न घालता मिक्सर थांबत-थांबत फिरवा. वाटण रव्यासारखं दाणेदार हवं, मुठीत दाबलं की गोळा व्हावा.

कळवा:
कांदा किसून घट्ट पिळा. पार्सली नसली तर कोथिंबीर देठांसकट घ्या. वाटण तासभर फ्रिजमध्ये. मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा तळायच्या तोंडावरच, नाहीतर पाणी सुटतं.

नेरूळ:
तेल १७५ अंश, एका वेळी पाच-सहाच. सोबत ताहिनी, म्हणजे तिळाची चटणी, कराच. पांढरे तीळ मंद आचेवर जेमतेम गरम करा, लाल झाले की कडवट लागतात. वाटून लिंबू-लसूण घातलं की ते घट्ट होतं. घाबरू नका, चमचा-चमचा गार पाणी घालून घोटा, सैल आणि पांढरंशुभ्र होतं.