न्यू जर्सीत गांजाच्या दुकानाचं लायसन्स, बायकोच्या नावावर ५१ टक्के, सही करावी का?

एडिसनचा_सातारकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ऑफिसमधला एक जुना सहकारी, दहा वर्षांची ओळख, घरी येणंजाणं आहे, तो इथे न्यू जर्सीत गांजाची डिस्पेन्सरी काढतोय, म्हणजे क्लास ५, रिटेलचं लायसन्स. त्याचं म्हणणं की सीआरसी, म्हणजे राज्याचं कॅनबिस कमिशन, अर्ज तपासताना बायकांच्या आणि मायनॉरिटी मालकांच्या कंपन्या आधी घेतं आणि आपण भारतीय मायनॉरिटीत मोडतो, तर माझ्या बायकोच्या नावावर ५१ टक्के ठेवायचे, आम्ही ४०,००० डॉलर घालायचे, बाकी सगळं तो बघणार. तिने दुकानात पाऊल टाकायचीही गरज नाही म्हणाला.

२०२१ मध्ये राज्याने कायदा केला, एप्रिल २०२२ पासून उघड विक्री चालू आहे, त्यामुळे चोरीचा मामला नाही हे मला कळतं. पण बायको काल रात्री ॲग्रीमेंट घेऊन बसली, ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, बारीकसारीक सोडत नाही. पान ११ वर तिने पेन्सिलीने खूण केलीये. बँक खातं, माणसं नेमणं, माल घेणं, भाव ठरवणं सगळं त्याच्या मॅनेजमेंट कंपनीकडे, आणि दोन वर्षांनी तो तिचा हिस्सा आधीच ठरलेल्या भावात विकत घेऊ शकतो. ती म्हणते सगळं तोच करणार तर माझी सही कशाला हवीये त्याला. मला उत्तर देता आलं नाही. दोघांचंही ग्रीन कार्ड आहे, चार वर्षं झाली, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज टाकायचाय. कोणी यातून गेलंय का?

जर्सी_शोअर_०७
अहो राज्य स्वतः लायसन्स देतंय, टॅक्स घेतंय, घाबरायचं काय त्यात. ओळखीचा माणूस आहे तर टाका पैसे.

विमानतळ_ते_घर
वरच्यांचं ऐकू नका दादा, हात जोडून सांगते. राज्याचं लायसन्स राज्यापुरतं. इमिग्रेशन फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं आहे आणि फेडरल कायद्यात गांजाचा धंदा हा गुन्हाच आहे, तुमच्या भिंतीवर सीआरसीचं सर्टिफिकेट लावलेलं असलं तरी. यूएससीआयएसने, म्हणजे फेडरल इमिग्रेशन खात्याने, एप्रिल २०१९ मध्ये पॉलिसी काढून स्पष्ट लिहिलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित कामामुळे माणूस गुड मॉरल कॅरेक्टरमध्ये, म्हणजे सिटिझनशिपसाठी लागणाऱ्या चांगल्या वर्तनाच्या अटीत, नापास होऊ शकतो. आणि एन-४०० मध्ये, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जात, थेट प्रश्न आहे की तुम्ही कधी अमली पदार्थ पिकवले, वाटले, विकले का. ५१ टक्के मालकीण त्याला काय उत्तर देणार? हो म्हटलं तर अर्ज अडकतो, नाही म्हटलं तर खोटं बोलल्याचं वेगळं प्रकरण.

पण त्याहून वाईट सांगते जे लोकांना माहीतच नसतं. इमिग्रेशन कायद्यात ट्रॅफिकिंगचं, म्हणजे अमली पदार्थांच्या व्यापाराचं, जे कलम आहे त्याला कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, ऑफिसरला तसं मानायला कारण आहे एवढं पुरतं. आणि त्यात नवरा-बायको-मुलंही येतात, मागच्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा घेतला असेल आणि माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं तर. म्हणजे नाव वहिनींचं आणि अडचणीत तुम्हीसुद्धा. गणपतीला साताऱ्याला जाऊन परत येताना नेवार्क विमानतळाच्या इमिग्रेशन काउंटरवर हा विषय निघाला तर ग्रीन कार्ड असूनही तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा माणूस म्हणून धरू शकतात. माझ्या बहिणीच्या घरात एकीचं यातलंच प्रकरण झालं, तेही मालकी नाही, साधी नोकरी होती त्या धंद्यात, इमिग्रेशनच्या इंटरव्ह्यूला गेली तेव्हा हातात दोन वर्षांचे डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचे टॅक्स फॉर्म, होते आणि तिला वाटत होतं पगारावर टॅक्स भरलाय म्हणजे सगळं स्वच्छ. अर्ज नाकारला गेला. तिने काहीच लपवलं नव्हतं हो, हेच मनाला लागतं.

हिशेबनीस_काका
इमिग्रेशनचं ताईंनी सांगितलंच, मी टॅक्सचं सांगतो, माझं रोजचं काम आहे. फेडरल टॅक्स कायद्याचं कलम २८०ई, १९८२ पासूनचं. शेड्यूल म्हणजे फेडरल सरकारने केलेली अमली पदार्थांची वर्गवारी, त्यातल्या शेड्यूल १ किंवा २ मधल्या पदार्थाचा धंदा असेल तर मालाची खरेदी किंमत सोडून काहीही खर्च वजा करता येत नाही, भाडं नाही, पगार नाही, लाइटबिल नाही.

आकडे धरून बघा. समजा विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाखांचा, भाडं-पगार-सिक्युरिटी ३ लाख. हातात राहिले १ लाख. पण टॅक्स लागणार ४ लाखांवर. आणि कंपनी एलएलसी असेल, साधारण तीच असते, तर तो नफा मालकांच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये येतो. वहिनींच्या ५१ टक्क्यांचा खरा नफा ५१,००० आणि रिटर्नमध्ये दिसणार २,०४,०००! तेही पैसे प्रत्यक्ष हातात आले तर, कारण पान ११ प्रमाणे बँक खातं त्यांच्याकडे नाहीच. न्यू जर्सीने आपल्या राज्याच्या टॅक्सातून ही अट काढलीये पण फेडरल मोठा, तो राहतो.

गांजा शेड्यूल ३ मध्ये नेण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये आला तेव्हा सगळे त्याकडे डोळे लावून बसले, कारण शेड्यूल ३ ला २८०ई लागत नाही. पण शेड्यूल ३ म्हणजे मोकळीक नव्हे, तोही कंट्रोल्ड सबस्टन्स, म्हणजे कायद्याने नियंत्रित पदार्थच, त्यामुळे इमिग्रेशनचा धोका त्याने जात नाही. तुमचा मित्र हे दोन्ही एकत्र करून सांगत असेल तर सावध राहा.

मावशी_मायक्रोवाली
मी स्वतः अर्ज केलेला, मायक्रोबिझनेसचा, म्हणजे छोट्या धंद्याच्या लायसन्सचा, मी सिटिझन आहे म्हणून इमिग्रेशनची भीती नव्हती. मायक्रोला जास्तीत जास्त १० माणसं आणि २,५०० चौरस फूट जागा, आणि सगळे मालक किमान दोन वर्षं न्यू जर्सीचे रहिवासी हवेत. कागद सगळे होते, अडलं गावात. राज्य लायसन्स देतं पण गावाची मंजुरी लागते, आणि ऑगस्ट २०२१ च्या मुदतीत बहुतेक गावांनी नकोच म्हटलं, मग उरलेल्या गावांत जागांचे भाव काय होणार तुम्हीच सांगा. दुकान उघडण्याआधीच सात महिने रिकाम्या गाळ्याचं भाडं भरलं मी, किल्ली पर्समध्ये घेऊन फिरत होते, शेवटी त्या गावाच्या बोर्डाने शाळेपासूनच्या अंतरावर नाही म्हटलं. ते पैसे गेले. तेव्हा ४०,००० नेमके कशाला लागणारेत हे लेखी मागा.

आणि पान ११ बद्दल माझं स्पष्ट मत, ही बेनामी आहे, दुसरा शब्द नाही. मायनॉरिटी किंवा वुमन-ओन्ड सर्टिफिकेट राज्याचं ट्रेझरी खातं देतं आणि तिथे ५१ टक्के नुसते नावावर चालत नाहीत, कारभारही तिच्याच हातात लागतो. वहिनी दुकानात पाऊल टाकणार नाहीत आणि तरी आपण चालवतो असं सही करून सांगणार, मग खोटं कोण बोललं? सीआरसी मॅनेजमेंट ॲग्रीमेंटही मागवून बघतं. दुसऱ्या राज्यांत हेच झालंय, ओक्लाहोमात ७५ टक्के मालकी राज्यातल्या रहिवाशांची हवी अशी अट होती तर लोकांनी पैसे देऊन स्थानिकांची नावं लावली आणि पुढे फौजदारी केसेस झाल्या, मिझुरीने मायक्रो लायसन्सं रद्द केली कारण कागदावरचा मालक खरा मालक नव्हता.

मला राग याचा येतो की हा प्राधान्यक्रम कशासाठी ठेवला, तर गांजाच्या केसेसमध्ये ज्यांची घरं उद्ध्वस्त झाली, ज्या वस्त्यांमध्ये जास्त धरपकड झाली, त्या लोकांना आणि ज्यांना भांडवलच मिळत नाही त्यांना आधी दार उघडावं म्हणून. त्या रांगेत आपल्या वहिनींचं नाव पुढे करून मागून दुसराच कोणी घुसणार. माझ्याबरोबर रांगेत नेवार्कची एक बाई होती, भावाने तुरुंग भोगलेला, तिचा अर्ज अजून जागेसाठीच अडलाय. वहिनींनी पेन्सिलीने खूण केली ते एकदम बरोबर केलं, त्यांना सांगा.

एडिसनचा_सातारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं, मावशींचं दोनदा वाचलं. नाही म्हणायचं ठरलंय, त्याला उद्या फोन करून समोरासमोर भेटूनच सांगतो, इतक्या वर्षांची ओळख आहे, मेसेजवर नको. एकच राहिलं, मागच्या महिन्यात तिने एका लेटर ऑफ इंटेंटवर, म्हणजे भागीदारीची तयारी दाखवणाऱ्या पत्रावर, सही केली होती, पैसे दिलेले नाहीत. त्याचं काय?

विमानतळ_ते_घर
तुमच्याकडची मूळ प्रत जपून ठेवा, फाडू नका. त्याने अर्जात वहिनींचं नाव आधीच टाकलंय का ते विचारा, टाकलं असेल तर काढल्याचं लेखी घ्या. बाकी तारखा वगैरे इथे लिहू नका दादा, एन-४०० भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला ते पत्र दाखवा, लायसन्सच्या वकिलाला नव्हे, आणि त्या मित्राच्या वकिलाला तर अजिबातच नको.