शब्दचर्चा: ठोका, बटई, वेचाई, फळी... कमाईचे आपल्याकडचे शब्द

प्रश्न (माहेर दारव्हा तालुका, मुक्काम पुणे)

गावच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला: "पाच एकर वावर, विहिरीसह, ठोक्यानं देणे आहे. बटईवाल्यांनी फोन करू नये." शब्दकोशात 'ठोक' पाहिलं तर घाऊक निघालं. ठोका म्हणजे भाडं, इतपत कळतं. मग बटईवाल्यांवर एवढा राग कशाला? आणि मक्ता म्हणतात तो हाच का?

आर्णीकडून

ताई, राग नाही, हिशोब आहे. ठोका म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम. उन्हाळ्यात बोली होते, काही पैसे आधी मोजायचे, बाकीचे ठरेल तसे. मग पाऊस दगा देवो की बोंडअळी येवो, मालकाचा आकडा हलत नाही. बटईत वावर मालकाचं, मेहनत बटईदाराची, बी-खताचा खर्च बहुतेक ठिकाणी अर्धा-अर्धा अन् मालही अर्धा. पीक बुडालं तर दोघंही बुडतात. तुमचा निरोपवाला बहुतेक बाहेरगावी राहत असेल. बटईत वावरात नजर ठेवावी लागते, कापूस किती निघाला ते कोण पाहते? मक्ता अन् ठोका आमच्याकडं एकच. म्हातारे मक्ता म्हणतात, पोट्टे ठोका.

अन् हे सगळं तोंडी चालते. विदर्भाचा कुळकायदा वेगळा, १९५८ चा. कागद केला तर कूळ लागेल या भीतीनं मालक सहीच करत नाही. मग पीककर्ज, नुकसानभरपाई सगळं सातबारावाल्याच्या नावानं येते, अन् वावर कसणारा त्याच्या ओसरीवर बसून राहते. भरपाई आली तर कोणाची, हे बोलीतच चार माणसांसमोर ठरवलेलं बरं.

हिंगणघाटहून

वरच्या भाऊंचा मुद्दा मजुरीतही दिसतो. रोजी आणि वेचाई हे दोन शब्द शहरात सरसकट 'मजुरी' होऊन जातात, वावरात मात्र त्यावरून भांडणं होतात. रोजी दिवसावर, तर कापूस वेचायची वेचाई किलोवर मिळते. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून पहिला वेचा सुरू झाला, वावर पांढरंशुभ्र असलं, की बाया स्वतःच म्हणतात, किलोनं द्या. हात चालला तर रोजीपेक्षा जास्त पडतात. शेवटच्या वेच्याला उलटं. झाडावर इथं एक बोंड, तिथं एक; दिवसभर फिरूनही ओटी भरत नाही. तेव्हा त्याच बाया म्हणतात, आता किलो नाही, रोजी द्या. मालक म्हणतो, किलोचा भाव वाढवतो. बाया ऐकत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे. विरळ वावराचा तोटा त्यांनी का घ्यावा?

सालदाराचं निराळं. पाडव्याला साल ठरतं, उचल आधी मिळते, वर्षभर सुटका नाही. आता सालदार मिळत नाहीत अशी ओरड आहे, पण ती करणाऱ्यांनी एक साल राहून पाहावं.

प्रश्नकर्ती

फारच उलगडलं. मग चुकारा कशात बसतो? बाबा कायम "चुकारा आला की देतो" म्हणायचे. शाळेची फी, दिवाळी, सगळंच चुकाऱ्यावर.

आर्णीकडून

चुकारा म्हणजे माल देऊन झाल्यावर येणारा पैसा. १९७२ ला सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस केंद्रावर मोजून द्यायचा अन् पैशाची वाट पाहायची. तेव्हापासून हा शब्द घराघरात बसला. खेडा खरेदीचा व्यापारी घरी येऊन नोटा मोजते, भाव मात्र पाडते. चुकारा मोठा पण उशिरा. ज्याच्या घरी तोवर चालवायला काही आहे, तोच चुकाऱ्यासाठी थांबू शकते.

धानोरा, गडचिरोलीकडून

कापूस आमच्याकडं नाही, धान आणि जंगल. तेंदूपत्त्याचा हंगाम आला की आम्ही 'फळी लागली' म्हणतो. पानं विकतात ती जागाही फळीच. सत्तर पानांचं एक पुडकं, भाव शेकड्यावर. पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरभर बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. मिळते ती मजुरी.

आता ग्रामसभा स्वतः पानांचा लिलाव करते तिथं दुसरा शब्द आला आहे, रॉयल्टी. तोडणारे तेच हात, पण मजुरी तोडण्याची आणि रॉयल्टी जंगल आपलं असल्याची. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गावानं आपला बांबू स्वतः विकला. बांबू तोडणारे गावात आधीही होते. विकणारे नव्हते. रॉयल्टीला मराठी शब्द सुचवू नका, म्हाताऱ्या आजीसुद्धा तोच म्हणते आणि ग्रामसभेत त्याचा हिशोब मागते.

वाशीमकडून

बटई नुसती वावराची नसते. बकरीही बटईनं देतात. बकरी मालकाची, चारणं दुसऱ्याचं, पिल्लं अर्धी-अर्धी. ज्याच्याजवळ गुंठाभर जमीन नाही त्यानं पुंजी उभी करायचा हा जुना रस्ता. वाटणीत हुशार बाई बोकड मालकाला देते, पाठ (मादी पिल्लू) आपल्याकडं ठेवते. बोकड ईदला किंवा जत्रेला विकून मोकळा. पाठ दोन वर्षांत स्वतः विते, आणि ती पिल्लं कोणाच्या वाट्याची नसतात.

बकरी मेली तर आमच्या गावात नुकसान मालकाचं, पण खबर त्याच दिवशी दिली पाहिजे. इतर ठिकाणी काय रीत आहे?